चेहऱ्यावर उतरलेली रात्र

'चेहरा का उतरलाय?' हा प्रश्न आपल्याकडे घरातली मोठी बाई विचारते. सकाळी चहाचा कप हातात देताना ती एकदा तोंडाकडे पाहते आणि म्हणते, 'रात्री डोळा लागला नाही वाटतं!' बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी हीच गोष्ट रीतसर तपासून पाहिली. २३ तरुण-तरुणींची छायाचित्रं दोनदा काढली. एकदा रात्रभर चांगली झोप झाल्यावर आणि एकदा अपुरी झोप घेऊन पुढे ३१ तास जागल्यावर. चेहरा धुतलेला, रंगरंगोटी नाही. ही छायाचित्रं त्यांनी ६५ परक्या माणसांसमोर ठेवली. कोण झोपलंय, कोण जागलंय, हे त्यांना सांगितलं नव्हतं. जागरणाचे चेहरे त्यांना थकलेले वाटलेच, पण कमी निरोगी आणि कमी देखणेही वाटले. हा अभ्यास २०१० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. फरक मोठा नव्हता, पण परक्या डोळ्यांना दिसण्याइतका होता.

आम्हा कवींना मात्र जागरणाचं भारी कौतुक. गझलेतल्या प्रियकराला झोप लागली तर गझल तिथेच संपायची! मुशायरे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालतात आणि पहाटेच्या एस.टी.त बसलेली कविमंडळी पाहिली, तर त्यांच्या कवितेतलं चांदणं कुठे गेलं असा प्रश्न पडतो.

झोपेत त्वचेचं काय होतं? झोपेच्या पहिल्या भागात, ती गाढ असते तेव्हा, वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त स्रवतं. मुलांची उंची त्यावर वाढते, आपल्यासारख्या मोठ्यांची त्यावर डागडुजी होते. ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, त्याच वेळी सर्वांत कमी असतं. झोप सतत अपुरी राहिली की ते चढं राहू लागतं आणि त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजनला ते बाधक आहे. रात्री त्वचेतून पाणीही दिवसापेक्षा जास्त उडून जातं. म्हणून इसब असणाऱ्यांची खाज रात्री वाढते, खाजेमुळे झोप मोडते आणि झोप मोडली की कातडी आणखी चिडते.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये ६० स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात नीट न झोपणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा अधिक दिसल्या. त्याचा खर्च सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीने केला होता, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. सुरकुत्यांचे मोठे कारभारी ऊन आणि तंबाखू हेच आहेत. उन्हात डोकं न झाकता हिंडायचं आणि रात्री आठ तास झोपून त्याची भरपाई मागायची, असं चालत नाही.

माझी एक भाची नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस तिला रात्रपाळी असते. तिला पाहायला आलेल्या मंडळींपैकी एका बाईंनी जाता जाता म्हटलं, 'मुलगी चांगली आहे, पण डोळ्यांखाली किती काळं आहे!' रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी उभं राहणाऱ्या मुलीला हे ऐकावं लागलं. तिने कुणाला न सांगता औषधाच्या दुकानातून 'उजळ करणारी' एक ट्यूब आणली. महिन्याभरात गाल लालबुंद झाले, उन्हात गेलं की आग व्हायची. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहिली. तिच्यात स्टेरॉइड होतं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावायची नसतात, त्यांनी कातडी पातळ होते. मग डॉक्टरांनी विचारलं, 'दिवसा किती तास झोपता?' ती म्हणाली, 'तीन, फार तर चार.' मला नंतर म्हणाली, 'मामू, घरात कुणी झोपूच देत नाही. दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या, अम्मी हाक मारते, जेवून घे म्हणून.'

अम्मी बिचारी मायेनेच हाक मारत होती. पण आपल्या घरांत दिवसा झोपलेली बाई आळशी ठरते, मग ती रात्रभर उभी का असेना. आता त्यांच्या घरी खिडकीला जाड काळा पडदा आहे, बेल काढून ठेवलीय आणि दोन वाजेपर्यंत तिला कुणी उठवत नाही. कामावरून येताना ती काळा चष्मा लावते, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला वाटतं, दिवस उजाडला.

रमजानमध्ये रात्रीची झोप मोडतेच. तरावीहनंतर उशीर होतो आणि सहरीला पुन्हा उठायचं. माझी आजी त्या महिन्यात दुपारच्या नमाजनंतर घरभर निजानीज करायची आणि कुणी बोललं तर पंखा फेकून मारायची. रात्रीचं काही अंशी दुपारी भरून निघतं, हे तिला ठाऊक होतं.

बाकीच्यांसाठी गोष्टी साध्या आहेत. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवावी. संध्याकाळी पाचनंतरचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो. मोबाइल उशाखाली न ठेवता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. झोपताना काजळ पुसून, तोंड धुऊन साधं मलम लावावं आणि उशीचा अभ्रा आठवड्याला धुवावा.

इतकं करूनही डोळ्यांखालचं काळं जात नसेल, तर आई-वडिलांचे जुने फोटो काढून पाहावेत. आपल्याकडे ते पुष्कळदा वारशाने येतं आणि डोळे चोळण्याने गडद होतं. माझ्या भाचीचं थोडं फिकट झालंय, थोडं तसंच आहे. ते तिच्या वडिलांचं आहे. सतत थकवा असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. आणि घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर त्याला गाढ झोप लागते असं समजू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.