कोठार उघडल्यानंतर



आपल्या बीदरच्या तख्ताशी भक्तिसंप्रदायाने ज्या एका हिशेबाचे नाते कायमचे जोडून ठेवले, तो मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारातील धान्याचा होय. पंधराव्या शतकातील घोर दुष्काळात बहामनी दौलतीचे तेथील अंमलदार दामाजीपंत यांनी, वरून हुकूम येण्याची वाट न पाहता, कोठारे उघडून उपाशी रयतेला धान्य वाटले. त्याचा जाब देण्यासाठी त्यांना बीदरास बोलावणे आले, आणि ते येऊन पोहोचण्यापूर्वीच विठोबाने विठू महाराच्या वेशाने दरबारात जाऊन सर्व रक्कम मोजून दिली व रीतसर पावती घेतली, असे महिपतीबोवांच्या ‘भक्तविजया’त आहे. भाविकांना यात देवाचे धावणे दिसते. मला त्या पावतीचे अधिक कौतुक वाटते, कारण उपाशी माणसाच्या मुखी घातलेला घासही कोणाच्या तरी खात्यात खर्ची पडतो, हे कथाकार विसरलेला नाही. पुढच्या सालीही पाऊस चुकला तर काय, हे मात्र कथा सांगत नाही.

त्याचा विचार त्याच बहामनी काळात, याच शहराजवळ, भूमीच्या पोटात झालेला आहे. नौबादच्या कारेझला आपण सुरंग बावी म्हणतो. आपल्या पठारावर वर जांभा आणि खाली काळा कातळ. जांभा पावसाचे पाणी पितो, कातळ ते पुढे जाऊ देत नाही. या दोहोंच्या सांध्यालगत बोगदा खोदून, हवेसाठी व गाळ उपसण्यासाठी जागोजाग उभ्या विहिरी पाडून, इराणी पद्धतीने ते झिरपलेले पाणी केवळ उताराच्या बळावर वाहते केले गेले. पुढे त्या विहिरींपैकी कित्येक बुजल्या, आणि गाळ काढण्याचे काम अलीकडे, शतके लोटल्यावर, हाती घेतले गेले.

सरहद्दीपलीकडे १९७२ च्या दुष्काळात धान्य आणि काम यांची सांगड पडली. महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर ऐन भरात सुमारे ५० लाख माणसे होती. बायका खडी फोडीत, पाटीने माती वाहत, आणि दुपारी सुकडी मिळे. त्या खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे रस्त्याकडेला पडून होते, अशी चेष्टा होते व ती सर्वस्वी खोटी नाही; परंतु जेथे पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, तेथे खालच्या विहिरींना त्याचा उपयोग झाला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, तेव्हा मजुरी ही सरकारची मेहेरबानी न राहता मजुराचा हक्क ठरली.

१९७२ च्या त्याच दुष्काळी वर्षांत आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा साहेल प्रदेशही होरपळत होता. तेथील नायजर देशाचे नाव आपल्याला परके वाटते. पण त्यांची मुख्य पिके बाजरी आणि ज्वारी, आणि ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली, तेव्हा आपली भाकरी त्यांच्या नात्यातली आहे. जून ते ऑगस्टमध्ये तेथे शेतीचे काम ऐन जोरात आणि घरातले धान्य संपलेले, असा पेच असतो. जागतिक अन्न कार्यक्रम ही संयुक्त राष्ट्रांची संस्था त्या महिन्यांत धान्य किंवा रोकड देते. आणि कोरड्या महिन्यांत, तशाच मोबदल्यावर, गावकऱ्यांकडून पडीक माळावर अर्धगोल बांध घालून घेते. चारेक मीटर रुंदीचा खड्डा, त्याची माती उताराच्या खालच्या अंगाला रचलेली, वरचे तोंड मोकळे. टणक पापुद्र्यावरून धावत सुटणारे पाणी त्यात थांबते, मुरते, आणि तेथे धान्य किंवा गवत पेरता येते. यंत्र लागत नाही, कुदळ पुरते. सोलापूर, मराठवाडा, बीदर येथल्या शेतकऱ्याला यात शिकवावे असे काही नाही. पाहताक्षणीच तो आपला बांध ओळखील.

अडचण निराळीच आहे. उजाड होती तोवर ज्या जमिनीला कोणी विचारीत नव्हते, तिच्यावर बाजरी डोलू लागली की हक्क सांगणारे पुढे येतात, आणि उन्हात कुदळ चालवणाऱ्या बाईकडे दाखवायला कागद नसतो. म्हणून अशा कामात खड्ड्यांची मोजदाद करण्याआधी जमिनीच्या वहिवाटीचा करार गावासमक्ष व्हावा, आणि त्यात तिचे नाव असावे, असे मला वाटते.