मेंदूच्या प्रयोगशाळेत आपली मुले
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



नांदेड-लातूरच्या मुलांना अभ्यास जमत नाही, असे आता कोणी म्हणणार नाही. ‘लातूर पॅटर्न’ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु नीटच्या प्रश्नपत्रिकेत चार पर्यायांत बरोबर उत्तर छापलेले असतेच. संशोधनाच्या प्रयोगशाळेत उत्तर अजून कोणालाच माहीत नसते. ते शोधणाऱ्यांत आपली मुले फार थोडी दिसतात. म्हणून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने सुट्टीत काही आठवडे मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करावी, हा विचार आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत.

मेंदूच कशासाठी? माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांचे काम बिघडले की फेफरे येते, विस्मरण होते. आणि फेफरे आलेल्या मुलीला आजही कोठे कोठे दवाखान्याऐवजी अंगाऱ्याकडे नेतात. ज्या घरातील मुलाने मेंदूचे काम डोळ्यांनी पाहिले, त्या घरात असे होणार नाही.

हे शास्त्र आपल्यापासून दूर नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी 1962 साली रेण्वीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. पुढे त्यांनी व वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी पिकल्या केळ्यावर घोंगावणारी फळमाशी वास कसा ओळखते, याचा अभ्यास केला. त्याच संस्थेतील विदिता वैद्य यांना मेंदू व मनोविकारांवरील संशोधनासाठी 2022 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर 2024 मध्ये फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात 1,39,255 चेतापेशी मोजल्या आहेत.

अशा प्रयोगशाळेत शाळकरी मूल काय करते? पहिले दिवस नळ्या धुण्यात आणि माश्यांचे खाद्य शिजविण्यात जातात. मग सूक्ष्मदर्शकाखाली नर-मादी ओळखणे. मग दुफाट्याच्या नळीत एका बाजूला वास ठेवून किती माश्या कोणीकडे गेल्या ते मोजणे. मोजलेले त्याच दिवशी, तारीख घालून वहीत लिहावयाचे. अपेक्षेविरुद्ध आकडा आला तरी तो खोडावयाचा नाही. ही शिस्त कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही.

अडचण बुद्धीची नाही. मोठ्या संस्थांच्या उन्हाळी योजना बहुतांशी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. शाळकरी मुलाला जागा मिळते ती पुष्कळदा ओळखीने, आणि आपली ओळख तेथवर नसते. रेल्वेने मुंबईला एका रात्रीत पोहोचता येते. पण सहा आठवडे राहावयाचे कोठे?

हा प्रश्न जुनाच आहे. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, कारण शाळेचे दार उघडले तरी पाठ टेकण्यास जागा नसेल तर मूल परत फिरते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आज शाळेच्या जागी प्रयोगशाळा आली, एवढाच फरक.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी दरवर्षी एका मुलाला, एका मुलीला सुट्टीपुरते घरी ठेवून घ्यावे. प्राध्यापक मंडळींनी शास्त्रज्ञांना पत्र लिहिण्यास मुलांना मदत करावी. दहा पत्रांना उत्तर आले नाही तर अकरावे लिहावे. आणि जागा मिळेपर्यंत थांबू नये. काचेची बाटली, केळ्याचा तुकडा आणि एक वही एवढ्यावर फळमाशी पाळता येते; उबदार जागी अंड्यापासून माशी होण्यास साधारण दहा दिवस लागतात. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी ती वही सर्वांसमोर वाचावी.

डॉक्टर आपल्यात पुष्कळ झाले, त्याचा अभिमान आहेच. आता त्या डॉक्टरांच्या पुस्तकात एखादे नवे पान आपल्या मुलीने लिहावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम.