विजेची स्वस्त मोटार : सर्वसामान्य चालकाचा हिशेब

(भाषण)



घरात मोटार येणे ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील एक मोठी घटना असते. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली जाते, पतपेढीचे कर्ज घेतले जाते आणि पाच-सात वर्षांचे हप्ते पगारातून वळते होतात. अशा वेळी पेट्रोलची मोटार घ्यावी की विजेची, हा प्रश्न आता तालुक्याच्या गावीही विचारला जाऊ लागला आहे. त्याचे उत्तर जाहिरातीवरून देता येत नाही आणि शेजाऱ्याच्या अनुभवावरूनही देता येत नाही. प्रत्येक कुटुंबाला ते स्वतःच्या वापरावरून शोधावे लागते. हा शोध कसा घ्यावा, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जुनीच कल्पना, नवी बॅटरी

विजेची मोटार हा अलीकडचा शोध आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवर चालणारी होती. १८९९ साली कामी जेनात्झी या बेल्जियन चालकाने फ्रान्समध्ये तो विक्रम केला. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, हँडल न फिरवता इंजिन सुरू करणारा विजेचा स्टार्टर १९१२ साली आला आणि विजेच्या मोटारी मागे पडल्या. त्यांचे दुखणे एकच होते : शिशाची बॅटरी वजनाने जड आणि साठवणुकीला तोकडी.

भारतात बंगळूर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी मोटार २००१ साली बाजारात आली. तिच्यातही शिशाचीच बॅटरी होती. शहरातल्या शहरात ती उपयोगी पडे. त्यापलीकडे तिची धाव नव्हती. चित्र पालटले ते लिथियम-आयन बॅटरीमुळे. १९९१ साली व्यापारी स्वरूपात आलेली ही बॅटरी आधी कॅमेऱ्यात व दूरध्वनी संचात शिरली आणि मग वाहनांत आली. तिच्या मूळ संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. २०२० साली ‘नेक्सॉन’, २०२२ साली ‘टियागो’ आणि २०२३ साली ‘कॉमेट’ या विजेवरील मोटारी भारतीय बाजारात आल्या. यांतील शेवटच्या दोन, प्रारंभीच्या किमतीत दहा लाख रुपयांच्या आतून सुरू होणाऱ्या होत्या. ‘परवडणारी विजेची मोटार’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून अर्थपूर्ण झाला.

एका चार्जिंगमध्ये किती अंतर?

ग्राहकाचा पहिला प्रश्न हाच असतो. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात सांगतात. वीजबिलावर ज्याला एक युनिट म्हणतात, तोच एक किलोवॅट-तास. म्हणजे २४ किलोवॅट-तासांची बॅटरी ही २४ युनिटांची टाकी होय. लहान मोटार एका युनिटात सामान्यतः सात ते नऊ किलोमीटर जाते. यावरून साधा गुणाकार केला, तरी तिची पल्लेदारी सुमारे १७० ते २१५ किलोमीटर भरते.

माहितीपत्रकात मात्र याहून मोठा आकडा छापलेला असतो. २४ युनिटांच्या ‘टियागो’साठी प्रारंभी ३१५ किलोमीटर सांगण्यात आले होते. हा आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेतील ठराविक चाचणीत, ठराविक वेगात मिळालेला असतो. प्रत्यक्ष रस्त्यावर वातानुकूलन, भरलेली गाडी, महामार्गावरील वेग आणि घाटाचा चढ यांमुळे तो कमी होतो. म्हणून छापील अंतराचे दोन तृतीयांश एवढेच आपले, असे मानून चालणे शहाणपणाचे ठरते. घाटाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चढताना बॅटरी झपाट्याने उतरते, पण उतरताना मोटर जनित्रासारखे काम करते आणि खर्च झालेल्या विजेचा काही भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोलच्या गाडीत ती ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया जाते.

आता हे अंतर पुरेसे आहे काय? तालुक्याच्या गावी राहून २० किलोमीटरवरील शाळेत जाणाऱ्या शिक्षकाची दिवसाची धाव ४० किलोमीटर होते. त्याला चार दिवसांतून एकदा चार्जिंग केले तरी पुरते. पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्यास मात्र सुमारे २३० किलोमीटर जायचे असते. त्याला वाटेत एकदा तरी थांबून, जलद चार्जरवर पाऊण ते एक तास घालवावा लागेल; तो चार्जर बंद असेल किंवा तेथे रांग असेल तर त्याहून अधिक. शिवाय सर्वांत स्वस्त मोटारींपैकी काहींना जलद चार्जिंगची सोयच नसते, हे खरेदीपूर्वी विचारून घेणे अगत्याचे आहे.

पैशांचा हिशेब

विजेची मोटार घेताना महाग पडते व चालवताना स्वस्त पडते. या दोहोंचा मेळ केव्हा बसतो, हे पाहण्यासाठी एक नमुन्याचा हिशेब मांडता येईल. वरील शिक्षकाची गाडी महिन्यास १,००० किलोमीटर चालते असे धरू. पेट्रोलची लहान मोटार लिटरमागे १८ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे, असे मानल्यास इंधनाचा खर्च सुमारे ५,५५० रुपये येतो. विजेच्या मोटारीला, चार्जिंगमधील गळती धरून, मीटरवरील एका युनिटास सहा किलोमीटर मिळतात असे मानले, तर सुमारे १६७ युनिटे लागतील. युनिटास १२ रुपये पडले, तर हा खर्च सुमारे २,००० रुपये. बचत झाली महिन्यास साडेतीन हजार, वर्षास ४२ हजार रुपये. दोन्ही मोटारींच्या किमतीत अडीच लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघण्यास सुमारे सहा वर्षे लागतात. इंजिन ऑइल, क्लच, स्पार्क प्लग यांचा खर्च नसल्याने ही मुदत काहीशी कमी होते. कर्जाच्या वाढीव व्याजाने ती काहीशी वाढते.

हीच गाडी महिन्याला ३०० किलोमीटरच चालली तर? मग वार्षिक बचत साडेबारा हजारांच्या घरात राहते आणि तोच फरक भरून निघण्यास वीस वर्षे लागतील. बॅटरीची हमी सामान्यतः आठ वर्षे अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी घडेल तोवर असते. म्हणजे रविवारी देवदर्शनाला आणि लग्नसराईत पाहुण्यांकडे जाण्यापुरती मोटार हवी असणाऱ्या कुटुंबाला विजेची मोटार केवळ बचतीसाठी घेण्यात फायदा नाही. जो रोज फिरतो पण दूर जात नाही, त्याच्यासाठी ती खरोखर किफायतशीर आहे.

या हिशेबात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. ज्या घराचा वापर मुळातच २५० युनिटे आहे, तेथे मोटारीच्या १६७ युनिटांपैकी बहुतेक पुढच्या टप्प्यात जाऊन पडतात. वाहनांच्या चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगाने स्वतंत्र दरवर्ग ठेवला आहे. त्याचा लाभ घेता येईल काय, याची चौकशी वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात आधीच करावी. दुसरी गोष्ट करसवलतींची. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोलच्या लहान मोटारींवरील करही १८ टक्क्यांवर आला आणि किमतींतील फरक रुंदावला. तसेच कर्जावरील व्याजाची आयकर सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेत्याच्या तोंडी अद्यापही ती ऐकू आली, तर कागद मागावा.

घरची वीज, घरचे अर्थिंग

लहान मोटार १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चार्ज होते. रात्रभरात, म्हणजे आठ-नऊ तासांत, ती भरते. मात्र त्या वेळी सुमारे तीन किलोवॅटचा भार तासन्‌तास राहतो. जुन्या घरांचा मंजूर भार पुष्कळदा याहून कमी असतो. तो वाढवून घेणे, मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र जाड तार टाकणे आणि अर्थिंग तपासून घेणे ही तीन कामे परवानाधारक तारतंत्र्याकडून करवून घेतल्याखेरीज मोटार घरी आणू नये. खिडकीतून लोंबणारी जोडवायर ही बचत नव्हे, तो अपघाताचा परवाना आहे.

खेड्यात स्वतःचे अंगण असते, ही मोठी अनुकूलता आहे. शहरात गाडी उभी करण्याची जागाच सामायिक असते आणि चार्जरसाठी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ठराव करावा लागतो. खेड्याची अडचण वेगळी आहे : कमी दाबाची वीज आणि वेळी-अवेळी जाणारा प्रवाह. त्यावर घराच्या छपरावरील सौर संच हा काही अंशी उपाय ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत केंद्रीय साहाय्य ठेवण्यात आले. असा संच दिवसाला सरासरी बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. नमुन्याच्या मोटारीची रोजची गरज सहा-सात युनिटांची आहे. दिवसा तयार झालेली जादा वीज जाळ्यात जमा करून रात्री वळती करण्याची सोय असल्याने मोटार दुपारी घरी असलीच पाहिजे असे नाही.

धूर कोठे जातो?

विजेची मोटार धूर सोडत नाही, हे शहरातील दवाखान्यापुढे वा शाळेपुढे शंभर टक्के खरे आहे. परंतु महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राभोवती राहणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. तरीही लाभ उरतोच. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचवते, तर विजेची मोटर बॅटरीतील ऊर्जेचा बहुतांश भाग पोचवते. शिवाय सौर व पवन विजेचा वाटा जसजसा वाढेल, तसतशी तीच जुनी मोटार अधिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या मोटारीच्या बाबतीत असे कधी घडत नाही.

सार्वजनिक कर्तव्य

शासनाने २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली विद्युत्‌ वाहन धोरण जाहीर केले. २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफीची तरतूद आहे. या सवलतींचा लाभ मोटारधारकांना मिळतो. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याचे वाहन एस.टी. आहे, हेही दृष्टीआड होता कामा नये. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरील बस सुरू झाली. रोज ठरलेली फेरी, ठरलेला थांबा आणि रात्री आगारात विसावा : विजेच्या वाहनाला अनुकूल अशा साऱ्या गोष्टी बसमध्ये एकवटलेल्या आहेत. मोटारीसाठी आलेले चार्जर आणि एस.टी.साठी आलेली उच्च दाबाची वीज, या दोहोंचे नियोजन तालुका पातळीवर एकत्र झाले तर खर्च वाचेल.

पंचायत सदस्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. बाजारपेठेजवळची, रात्री उजेड असलेली आणि पावसाळ्यात पाणी न तुंबणारी जागा चार्जिंगसाठी राखता येईल. तेथे बसवलेले यंत्र बिघडल्यास तक्रार कोणाकडे करावी, याचा फलक लावता येईल. बंद चार्जर हा नसलेल्या चार्जरपेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर एखादे कुटुंब रात्री घराबाहेर पडलेले असते. शिक्षकांना हाच विषय गणिताच्या तासाला घेता येईल. लिटर, युनिट, किलोमीटर आणि चक्रवाढ व्याज यांचे याहून जिवंत उदाहरण सापडणे कठीण.

आणि ज्या कुटुंबाला प्रत्यक्ष निर्णय घ्यायचा आहे, त्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी महिनाभर एक वही ठेवावी. रोज किती किलोमीटर झाले, त्यांतील सलग सर्वांत लांब प्रवास कोणता, गाडी रात्री कोठे उभी राहिली आणि त्या महिन्याचे वीजबिल किती आले, एवढ्या चारच नोंदी. महिन्याकाठी आकडा हजाराच्या पुढे असेल, लांबचा प्रवास क्वचित असेल आणि अंगणात सॉकेट असेल, तर विजेची मोटार निःशंकपणे घ्यावी. आकडा त्याच्या निम्म्याहून कमी भरला, तर जुनी गाडी आणखी काही वर्षे सांभाळावी. बॅटरीचे तंत्र सुधारत आहे आणि थांबण्यात काहीही कमीपणा नाही.