जुनी दुर्बीण की नवी?

पक्षिनिरीक्षणाची गोडी लागली की कधीतरी भारी दुर्बिणीचा मोह होतोच. स्वारोव्स्कीची २०२० साली आलेली एनएल प्युअर घ्यायची, तर लाखांची भाषा करावी लागते. मग वाटतं, त्याच कंपनीची वापरलेली ईएल का नको?

विचार चांगला आहे, फक्त कुठलीही जुनी दुर्बीण घेताना तिचं वय बघा. सरळ नळ्यांच्या, म्हणजे रूफ लोलकाच्या दुर्बिणीत प्रकाशलहरींची कला बिघडते आणि पिसांवरचे बारकावे पुसट होतात. त्यावर उपाय ठरणारा लोलकाचा लेप झाइस कंपनीने १९८८मध्ये आणला. त्याआधीची रूफ दुर्बीण कितीही नावाजलेली असो, आजची मध्यम किमतीची नवी दुर्बीण तिला मागे टाकू शकते. रुंद खांद्यांच्या जुन्या पोरो दुर्बिणींना मात्र या लेपाची गरजच नसते. स्वस्तातला खरा माल तोच!

आपल्याकडचा शत्रू म्हणजे पावसाळा. कोकणात कपाटात पडून राहिलेल्या दुर्बिणीला आतून बुरशी धरते. मोठ्या भिंगात तिरका टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर सौदा तिथेच सोडा. दूरच्या विजेच्या तारेकडे पाहा. एकाच्या दोन दिसल्या, तर लोलक हललेत. चष्मा असेल, तर तो लावूनच पाहा.

आता वाढीव पैशांचं. एनएलच्या ८ बाय ४२मधून हजार मीटरवर १५९ मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, ईएलच्या साडेआठ बाय ४२मधून १३३ मीटर. फरक मोठा, पण किमतीइतका नाही. २०१०नंतरची, सपाट दृश्याची ईएल निर्दोष मिळाली, तर माझं मत तिलाच.