भ्रमणध्वनी, नकाशा आणि विद्यापीठातील विद्यार्थी

(भोपाळ शहराच्या कोटरा सुल्तानाबाद भागात मराठी भाषक शिक्षक, विद्यार्थी, शासकीय सेवक आणि आसपासच्या गावांतून आलेले ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकताच मनात प्रथम यंत्राचा विचार येतो. भ्रमणध्वनी कोणता असावा, नकाशाची कोणती प्रणाली वापरावी, त्यासाठी पैसा कोठून आणावा, हे प्रश्न प्राध्यापक विचारतात आणि ते विचारणे योग्यही आहे. तथापि त्यांवर मी थोडेच बोलणार आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ 2009 पासून सर्वांना खुले आहे. संगणकावर नकाशा तयार करण्याची ‘क्यूजीआयएस’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण आहे ती त्या साधनांनी विद्यार्थ्याकडून काय करून घ्यावयाचे, याची.

माझे म्हणणे असे, की नकाशा केवळ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. त्याने तो पायी हिंडून, लोकांना विचारून स्वतः तयार केला आणि ज्यांच्या वस्तीचा तो नकाशा आहे त्यांच्याकडूनच तपासून घेतला, म्हणजे भूगोल, गणित, समाजशास्त्र आणि शासनव्यवहार हे चारही विषय त्याला एकाच कामात भेटतात. शिवाय असा नकाशा उद्या ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या टेबलावर गेला, तर त्यावरून पाण्याची टाकी कोठे बसवावी याचा निर्णय होऊ शकतो. म्हणून तो चुकला तर केवळ गुण जाणार नाहीत, एखाद्या वस्तीचे पाणीही जाईल.

आपण जेथे बसलो आहोत ते ठिकाण या विषयाला फार अनुकूल आहे. येथून जवळच, नेहरूनगरातील विज्ञान भवनात मध्य प्रदेश विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचे कार्यालय असून उपग्रहचित्रांवरून भूभागाचा अभ्यास करण्याचे काम तेथे चालते. त्याच परिसरात 1982 साली स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. थोडे पुढे गेले की भदभदा. मोठ्या तलावाचे जादा पाणी 1965 मध्ये बांधलेल्या तेथील अकरा दारांतून कलियासोत नदीत सोडले जाते. हा तलाव राजा भोजाच्या काळी, अकराव्या शतकात, कोलांस नदीवर मातीचा बांध घालून झाला, असे मानतात. कोलांसचे पाणी मुळात हलालीकडे जात होते आणि बांधामुळे ते कलियासोतकडे वळले, असेही सांगितले जाते. एका बांधाने पाण्याची वाट बदलल्याचे असे उदाहरण हाकेच्या अंतरावर असताना आपल्या विद्यार्थ्यांनी पाणलोटाची व्याख्या पुस्तकातून पाठ करावी, हे मला पटत नाही.

आता यंत्राविषयी दोन शब्द, कारण त्याबद्दलचे गैरसमज काढून टाकणे आवश्यक आहे. आपले ठिकाण सांगण्यासाठी भ्रमणध्वनीला इंटरनेट लागते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आकाशातील निदान चार उपग्रहांकडून आलेल्या संकेतांच्या वेळेवरून भ्रमणध्वनी स्वतःचे अक्षांश, रेखांश आणि उंची काढतो. नकाशाचे चित्र आधी उतरवून ठेवले असेल, तर मेळघाटातील किंवा सातपुड्यातील जेथे संदेशवहनाचा मनोरा नाही अशा पाड्यावरही हे काम होते. मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम अचूकता कमी करीत असे, ते तिने बंद केले. उघड्या आकाशाखाली साध्या भ्रमणध्वनीची चूक आता सुमारे पाच मीटर असते. दाट झाडीत आणि उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत ती वाढते. उंचीची चूक तर ठिकाणाच्या चुकीहून बरीच जास्त असते. ही शेवटची गोष्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण नळपाणी योजनेत पाणी उतारावर चालते. टाकीची आणि शेवटच्या नळाची उंची भ्रमणध्वनीवरून घेऊन जलवाहिनीचा आराखडा करणे धोक्याचे आहे. त्या कामी गवंड्याची पाणसळ त्याहून अधिक विश्वासाची.

येथे मी थोडा थांबून एक जुनी हकीकत सांगतो. विषयांतर वाटेल, पण तसे नाही.

पुष्कळ महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत सर्वे ऑफ इंडियाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे आहेत. विद्यार्थी त्यांना टोपोशीट म्हणतात. अशा जुन्या पत्रकावरील एखाद्या विहिरीचे अक्षांश-रेखांश वाचून ते भ्रमणध्वनीत घातले आणि विद्यार्थ्याला शोधत पाठविले, तर तेथे विहीर सापडत नाही. ती सुमारे दीडशे मीटरवर सापडते. विद्यार्थी म्हणतो, जुना नकाशा चुकला. कोणी म्हणतो, भ्रमणध्वनी चुकला. वस्तुतः दोघेही बरोबर असतात.

याचे कारण भोपाळच्या उत्तरेस, विदिशा जिल्ह्यातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर या ठिकाणी सापडते. विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे, 78 रेखांशाच्या आसपास, त्रिकोणांची साखळी गुंफत तो आपल्या विदर्भापर्यंत आला आणि 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. हिंगणघाटच्या किती विद्यार्थ्यांना ती दाखविली जाते, हा प्रश्न मी तेथील शिक्षकांवर सोपवितो. लॅम्बटनचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. सिरोंजची पायारेषा 1824-25 च्या सुमारास मोजली गेली आणि अधिक चांगली उपकरणे मिळाल्यावर 1837-38 मध्ये पुन्हा मोजण्यात आली. एकदा केलेले मोजमाप पुन्हा करण्याची ही शिस्त आपल्या विद्यापीठांना घेण्यासारखी आहे. याच सर्वेक्षणात 1831 साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेला राधानाथ सिकदार हा तरुण गणक म्हणून दाखल झाला. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. आज आपण ज्या वयात विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षात बसवितो, तेच हे वय.

पृथ्वी नेमकी गोल नाही. ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे. किती चपटी, याचा एक अंक एव्हरेस्टने 1830 मध्ये ठरविला आणि कल्याणपूर हे आरंभस्थान धरून देशाचे नकाशे त्यावर बांधले गेले. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानाचा मध्य धरून 1984 मध्ये ठरलेला दुसरा आकार वापरतात. मोजण्याचा पायाच वेगळा, म्हणून एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश दोन येतात. विदर्भात आणि भोपाळच्या परिसरात हा फरक साधारण दीडशे मीटरचा भरतो. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी निघालेली नवी पत्रके उपग्रहांच्या पद्धतीवर आधारलेली आहेत, आणि जुन्या पत्रकाचे आकडे नव्या पद्धतीत आणण्याची सोय संगणकात आहे. परंतु बटण दाबण्यापूर्वी विद्यार्थ्याला हा फरक विहिरीच्या काठावर उभे राहून कळला पाहिजे. माझ्या मते या एका प्रात्यक्षिकात भूगोलाचे निम्मे सत्र सामावलेले आहे.

महाराष्ट्रात या दिशेने काही काम झाले आहे, त्याचा उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारे ‘सितारा’ हे केंद्र 1985 पासून आहे. तेथील विद्यार्थ्यांनी रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यासारख्या भागांत नळपाणी योजनांचा अभ्यास केला. डोंगरउताराचा तालुका, पाऊस भरपूर, तरी उन्हाळ्यात टंचाई. अशा ठिकाणी गावाचा उतार, वस्तीची उंची, जलवाहिनी आणि विहिरी एका नकाशावर मांडल्या की टोकाच्या वाडीला पाणी का मिळत नाही याची कारणे चर्चेला घेता येतात. याच विचारावर राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाने जानेवारी 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. आपल्या भागातील प्रश्नांचा अभ्यास अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शासकीय यंत्रणेच्या सोबत करावा, ही त्यामागील कल्पना आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरे तर 1969 पासूनच्या योजनेचा भाग आहेत. तेव्हा वेळ नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. भीती आहे ती वेगळीच. श्रेयांक मिळतात म्हणून एकाच गावात चार महाविद्यालयांची मुले तीच प्रश्नावली घेऊन जातील, माणसे उत्तरे देऊन कंटाळतील आणि त्यांच्या हाती काहीच पडणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की विद्यार्थ्याने गावाला काही परत द्यावे. विहिरींचेच उदाहरण घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा महाराष्ट्रात निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजते. तिच्या मोजणीच्या महिन्यांतच विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील दहा-बारा विहिरी मोजल्या, तर त्यांचे आकडे शासनाच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. दोरी, वजन आणि मोजपट्टी एवढेच साहित्य. भ्रमणध्वनीचे काम विहिरीचे ठिकाण, तारीख आणि छायाचित्र नोंदवून ठेवण्याचे. मोजणारा मनुष्यच.

ग्रामस्थ मंडळींना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विद्यार्थ्यांनी भ्रमणध्वनीवर काढलेला नकाशा ही मोजणी नव्हे. ज्या यंत्राची चूक पाच मीटरची, त्याच्या आधारे बांधाच्या दोन हातांचा वाद मिटणार नाही, उलट वाढेल. सात-बाराचा उतारा आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी यांचे स्थान वेगळे आहे. असा नकाशा घेऊन कोणी तहसील कचेरीत भांडावयास आला तर दोष त्या मुलांवर येईल. यासाठी प्रत्येक नकाशावर, ‘हा शैक्षणिक नकाशा आहे, हद्दीच्या पुराव्यासाठी नाही’, असे ठळक अक्षरांत छापावे.

घरोघरची माहिती नोंदवितानाही असेच भान हवे. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणावर कर्ज आहे, कोणाची जात कोणती, हे घराच्या अक्षांश-रेखांशासह साठविण्याचे विद्यार्थ्याला काही कारण नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी घरमालकाला विचारल्याशिवाय त्याच्या दाराचे छायाचित्र घेऊ नये, एवढे तारतम्य शिक्षकांनी शिकवावयास हवे होते.

आणखी एक प्रश्न मुलींचा आणि गरीब विद्यार्थ्यांचा. वर्गात प्रत्येकाजवळ चांगला भ्रमणध्वनी असतो असे धरून चालणे म्हणजे काहींना आरंभीच बाहेर ठेवणे होय. काही घरांत एकच यंत्र असते आणि ते भावाजवळ किंवा वडिलांजवळ असते. म्हणून काम चौघांच्या गटात द्यावे. एकाने यंत्र धरावे, दुसऱ्याने कागदावर रेखाटन करावे, तिसऱ्याने लोकांशी बोलावे, चौथ्याने पावलांनी अंतर मोजावे, आणि दर दिवशी कामांची अदलाबदल करावी. कागदावरच्या रेखाटनाला कमी गुण देऊ नयेत. यंत्र बंद पडले की तेच उपयोगी पडते, हे ज्यांनी शिबिरे चालविली आहेत त्यांना ठाऊक आहे.

आता येथील कामाविषयी. कोटरा सुल्तानाबादच्या रस्त्यांवर पडलेले पावसाचे पाणी मोठ्या तलावाकडे जाते की कलियासोतकडे, हा पहिल्या गटाचा प्रश्न असावा. त्याचे उत्तर मी मुद्दाम सांगत नाही. पहिल्या मोठ्या पावसात नाल्याच्या कडेने सुरक्षित अंतरावरून चालत जाऊन ते शोधावे आणि वाटेत जेथे पाणी तुंबते त्या जागा नोंदवाव्यात. दुसऱ्या गटाने वस्तीतील वयोवृद्धांना विचारून पूर्वीच्या विहिरी, वाटा आणि ओढे यांची यादी करावी. येथे हिंदी, उर्दू आणि मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. 1956 साली राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपुराहून बदलून आलेल्या मराठी घरांतील आजी-आजोबांनाही त्या वेळचे भोपाळ आठवत असेल. एकाच गल्लीची तीन नावे मिळाली तर तिन्ही नकाशावर लिहावीत. विकत मिळणाऱ्या नकाशांत ही नावे नसतात. विदर्भातील आणि खानदेशातील पाड्यांची तीच स्थिती आहे. महसुली गाव नकाशावर असते, त्याच्या चार वाड्या नसतात, आणि नकाशावर नाही म्हणून आराखड्यातही धरल्या जात नाहीत.

नकाशा पूर्ण झाल्यावर त्याची मोठी छापील प्रत वस्तीतील समाजमंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर आठ दिवस लावावी आणि शेजारी एक वही व पेन दोरीने बांधून ठेवावे. चूक दिसेल त्याने तीत लिहावे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे गटातील विद्यार्थ्याने लिहून घ्यावे. त्या वहीतील प्रत्येक नोंद जागेवर जाऊन पडताळल्याशिवाय प्राध्यापकांनी प्रकल्पावर सही करू नये. दुरुस्त नकाशाची एक प्रत वॉर्ड कार्यालयात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक वस्तीतच राहावी. पुढच्या वर्षीच्या तुकडीने नवी वस्ती न शोधता याच नकाशावरून कामाला आरंभ करावा आणि पहिल्या तुकडीच्या दहा जागा पुन्हा मोजून पाहाव्यात.