बालवाडीच्या दाराबाहेरचे मूल

'अंगणवाडी' हा शब्द आज भारताच्या अनेक भाषांत रुळलेला आहे. परप्रांतात वास्तव्य करणाऱ्या मराठी श्रोत्यांच्याही तो रोज कानी पडत असेल. परंतु तो ताराबाई मोडकांनी घडविला, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसून येताच ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली, तीही याच विचाराने. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने आपली जागा, वेळ आणि रीत बदलावी, असा हा विचार आहे. आजच्या विषयाचे सारे मर्म त्यात साठविलेले आहे.

अंगणातही जे येऊ शकत नाही, असे एक मूल प्रत्येक गावात, प्रत्येक मोहल्ल्यात असते. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणाचे पाय शरीराचा भार पेलत नाहीत, कुणाची समज वयाच्या मागे रेंगाळते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या अशा मुलांची नोंद सुमारे वीस लाख झाली. या वयातले पुष्कळसे व्यंग अद्याप ओळखलेच गेलेले नसते. म्हणून प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असणार.

या मुलांना बालवाडीत घ्यावे, असे म्हटले की ते एखादे नवे औदार्य आहे, असा आपला समज होतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. मारिया माँटेसोरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तीत उघडले, हे सर्वश्रुत आहे. पण त्याआधी काही वर्षे, एक तरुण डॉक्टर या नात्याने, त्यांनी वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली मुले पाहिली होती. त्या काळी त्यांना मतिमंद म्हणत आणि त्यांचे काही होणे नाही, असे मानीत. माँटेसोरीबाईंना वाटले, की हा प्रश्न औषधाचा कमी आणि शिक्षणाचा अधिक आहे. पॅरिसच्या बधिर मुलांच्या संस्थेतील डॉक्टर इतार आणि त्यांचे शिष्य सेगँ यांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासिले, स्वतःच्या हाताने उतरवून काढले आणि त्या मुलांबरोबर दोन वर्षे काम केले. त्यांतली काही मुले साधारण मुलांच्या बरोबरीने लेखन-वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले; बाई मात्र विचारात पडल्या. ही मुले इतकी पुढे येतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा मागे कशाने ठेवतात, हा प्रश्न त्यांना पडला, आणि सान लोरेंझोचे बालगृह हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ होता.

दट्ट्यांच्या पेट्या, बटणांच्या व नाड्यांच्या चौकटी, बोटांनी गिरवावयाची खरखरीत अक्षरे या साधनांमागील विचाराचे मूळ अपंग मुलांच्या शिक्षणात आहे. पुढे गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी भावनगरला हीच पद्धती भारतीय मातीत रुजविली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. म्हणजे ज्या मुलामुळे बालवाडीला तिची साधने लाभली, तेच मूल पुढे बालवाडीच्या दाराबाहेर राहिले. त्याला आत घेणे यात उपकार नाही. ते जुने ऋण फेडणे आहे.

पण ऋणाची गोष्ट बाजूला ठेविली, तरी एक निकडीचे कारण उरतेच, आणि ते काळाचे आहे. जन्मतः वाकडे असलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांत प्लास्टर घालू लागले, तर बहुधा सरळ होते. आळशी डोळ्यावरचा उपचार लहान वयातच सर्वांत गुणकारी ठरतो. बहिरेपणाविषयी तर तज्ज्ञांनी वेळापत्रकच घालून दिले आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना. श्रवणयंत्र असो की खूणभाषा, ज्या बालकाला ती वेळेवर मिळते त्याची भाषा फुलते. ज्याचे बहिरेपण पाचव्या वर्षी शाळेत नाव घालताना कळते, त्याची भाषा शिकण्याची सर्वांत सुपीक वर्षे निघून गेलेली असतात. बियाणे चांगले होते, जमीनही होती. पेरणीचा हंगाम तेवढा टळला.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि समावेशक शिक्षणाचे तत्त्व स्वीकारले. परंतु चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला त्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयाचा आहे. संविधानाच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण यांचा निर्देश आहे खरा. पण तो शासनाने करावयाच्या प्रयत्नाच्या रूपाने. जी वर्षे सर्वांत मोलाची, त्याच वर्षांवर हक्काचे छत्र विरळ आहे.

तथापि साधनांचा अगदीच अभाव आहे, असे नव्हे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा विस्तार आज सुमारे चौदा लाख अंगणवाड्यांपर्यंत झाला आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासावीत, अशी योजना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर केली: व्यंग लवकर ओळखणे, कुटुंबाला सोबत घेऊन मुलास सामावणे आणि योग्य त्या उपचारांकडे धाडणे. कागद चांगला आहे. तो चटईवर उतरतो की नाही, हे मात्र सेविकेवर आणि तिला मिळणाऱ्या पाठबळावर अवलंबून आहे.

चटईवर काय करावयाचे? बहुतेक गोष्टी साध्या आहेत. मुले अर्धवर्तुळात बसवावीत आणि गोष्ट सांगताना सेविकेने उजेडाकडे तोंड करावे, म्हणजे कमी ऐकणाऱ्या मुलाला तिचे ओठ नि हातवारे दिसतील. बडबडगीत हातांच्या खुणांसह म्हणावे. सगळीच मुले त्या खुणा आनंदाने उचलतात. न दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू घालावे आणि वस्तूंच्या जागा रोज बदलू नयेत. ज्याला बसता येत नाही, त्याला भिंतीच्या कोपऱ्याचा आणि उशीचा आधार द्यावा. ज्याला सूचना एकदम कळत नाही, त्याला काम लहान टप्प्यांनी दाखवावे.

यावर आक्षेप येतात, आणि ते टाळण्याजोगे नाहीत. एक सेविका, एक मदतनीस, समोर वीस-पंचवीस मुले, शिवाय आहार, वजन नि नोंदवह्या. त्यात हे काम तिने कसे करावे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तिला प्रशिक्षण हवे आणि ठराविक दिवशी येणारा विशेष शिक्षक वा भौतिकोपचारतज्ज्ञ हवा. तिच्या सद्भावनेवर सारा भार टाकून आपण मोकळे होऊ नये. दुसरा आक्षेप इतर पालकांचा: आमची मुले मागे पडतील. पण घुंगराचा चेंडू, खुणांचे गाणे, टप्प्याटप्प्याने दाखविलेले काम यांनी कोणते मूल मागे पडेल? तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. बधिर मुलाला खूणभाषा बोलणाऱ्या इतर मुलांचा सहवास लागतो; तो साध्या बालवाडीत कोठून मिळणार? येथे विशेष शाळांचे मोल मान्य केलेच पाहिजे. समावेशाचा अर्थ त्या बंद करणे असा नव्हे. दोन्हींनी एकमेकींचा हात धरावा, असा आहे.

एक भेद मात्र नीट ध्यानात ठेवावयास हवा. बसविणे आणि सामावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पटावर नाव आहे, खिचडीची वाटी मिळते, पण खेळात कुणी घेत नाही, असे मूल दारातून आत आले तरी बाहेरच असते. तीन-चार वर्षांच्या मुलांना व्यंग दिसते, पण त्याचा तिटकारा ठाऊक नसतो. तो त्यांना आपण शिकवितो. एकाच चटईवर वाढलेली मुले उद्या शेजारी, सहकारी आणि नागरिक होतील, तेव्हा अपंगत्व म्हणजे काय, हे त्यांना भाषणातून सांगावे लागणार नाही.

आपल्या गल्लीतील अंगणवाडीत वा बालवाडीत असे एखादे मूल येते का, आणि येत नसेल तर ते कोणत्या घरात आहे, एवढी चौकशी आपणांपैकी प्रत्येकाला करता येईल. पुष्कळदा आईबाप लाजेने वा थकव्याने गप्प असतात. कुणी विचारले तर बोलतात. ताराबाईंनी बालवाडी अंगणापर्यंत नेली. तेथून त्या घराचा उंबरठा फार दूर नाही.