खचलेल्या घराची भरपाई कोणी द्यावयाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली कोळसा काढून सोडून दिलेल्या जुन्या खाणीची पोकळी होती. अशा घराची भरपाई मागावयाची कोणाकडे?

कायदा अगदीच मुका नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे सातवे कलम जमिनीला खालच्या मातीच्या आधाराचा हक्क देते. मात्र हा हक्क नैसर्गिक स्थितीतील जमिनीचा; घराच्या भारासाठी २० वर्षांची अखंड वहिवाट सिद्ध करावी लागते, आणि आधाराची जमीन सरकारी असल्यास ३० वर्षांची. चौतिसावे कलम म्हणते की, प्रत्यक्ष व भरीव नुकसान झाल्याखेरीज भरपाई मागता येत नाही. ही अट जाचक वाटते, पण तिची दुसरी बाजू उपकारक आहे. १९६३ च्या मुदत कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार अशा दाव्याची मुदत खोदकामापासून नव्हे, तर इजा झाल्यापासून मोजतात. तेव्हा ‘कोळसा निघून पन्नास वर्षे झाली’ हे उत्तर ऐकून कोणी परत फिरू नये.

खरी अडचण प्रतिवादी सापडण्याची. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाचे आपण स्वागत केले. ते योग्यच होते. परंतु त्या कायद्याच्या सातव्या कलमाने १ मे १९७३ पूर्वीच्या काळातील देणी जुन्या मालकांच्याच माथी ठेवली, आणि मालक तर केव्हाच अंतर्धान पावले! पोकळीत वाळू भरण्याचा खर्च ज्यांनी वाचविला, त्यांचा तो नफा झाला. तोच खर्च आज भिंतीच्या भेगांतून गरिबाकडून वसूल होतो. नुकसान आज झाले, तर दायित्वही आजचेच, असा युक्तिवाद वकिलांनी अवश्य करावा. तो टिकेलच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने हा घोळ बराच मिटविला. कोणी निष्काळजीपणा केला, हे घरमालकाने सिद्ध करावयाचे नाही. नुकसानीचे स्वरूप भूस्खलनाकडे बोट दाखवीत असेल, तर ते तसे नाही हे दाखविण्याचा भार खाण-यंत्रणेवर. नोटीस देण्यास ६ वर्षे. १९९४ नंतर जुन्या कोळसाखाणींची ही जबाबदारी एका सार्वजनिक प्राधिकरणाकडे आली. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि कागदपत्र नसलेल्या झोपडीवाल्याला तर सुविधाधिकाराचे दारही बंदच. आपली मागणी या माणसापासून सुरू झाली पाहिजे.

तोवर एक काम करा. खाण सोडताना तिचे नकाशे खाण-सुरक्षा खात्याकडे द्यावे लागतात. आपल्या वस्तीखालचे नकाशे माहिती अधिकारात मागा, आणि पहिली भेग दिसताच तारखेनिशी पंचनामा करून घ्या.